पासाऊ ते व्हिएन्ना : डावा काठ की उजवा?

पोळा उरकल्यापासून कापसाच्या वेचणीला हात लागेपर्यंत खान्देशातल्या शेतकऱ्याला जी काय उसंत मिळते, तेवढ्यात आमच्या गटाची दरवर्षीची लांबची सायकलवारी बसवावी लागते. या खेपेचा रस्ता डॅन्यूबकाठचा. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या राजधानीपर्यंत, वळणं धरून सुमारे ३२५ किलोमीटर. सप्टेंबरात तिकडे दिवस साडेबारा-तेरा तासांचा असतो आणि ऊन सोसवेल असं. चढ जवळजवळ नाहीत. पूर्वी होड्या प्रवाहाविरुद्ध ओढायला काठाने घोडे चालत, त्या वाटेवरूनच आजचा सायकलमार्ग बराचसा जातो. चाळीसगावजवळचा औट्रम घाट सायकलवर चढलेल्या माणसाचे पाय इथे दमत नाहीत. डोकं मात्र दमतं. बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांनी मार्ग आहे, पण दोन्ही सारखे नाहीत, आणि नको त्या काठावर अडकलं की पुढच्या पुलापर्यंत किंवा तरीपर्यंत (तर म्हणजे माणसं-सायकली पलीकडे नेणारी होडी) तसंच जावं लागतं. डावा-उजवा ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेला ठेवायचं. प्रवासही त्याच दिशेने करायचा. उतार नावापुरताच आहे, पण वारा बहुतेक पश्चिमेचा असतो आणि तो पाठीशी राहतो.

निघण्याआधी

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहायचं त्या देशाकडे, म्हणजे इथे ऑस्ट्रियाकडे. विमान जर्मनीत उतरलं तरी चालतं. बोटांचे ठसे द्यायला मुंबईसारख्या शहरातलं व्हिसा केंद्र गाठावं लागतं, तेव्हा सगळ्या गटाची वेळ एकाच दिवशी घ्यावी. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असावा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नसावा. तिकीट जाताना म्युनिक, येताना व्हिएन्ना असं काढावं. परत पासाऊला येण्यात एक दिवस आणि रेल्वेचे पैसे फुकट जातात.

सायकल गियरची हायब्रीड बरी, ७०० बाय ३५ ते ४० चे टायर. रस्ता बहुतांश डांबरी आहे, मध्येमध्ये बारीक खडी लागते. रोडबाइकचे २५ चे टायरही चालतील, पण मागे सामान असेल तर खडीवर हात भरून येतात. जळगाव-धुळ्याकडच्या सायकली बाभळीच्या काट्यांसाठी सजवलेल्या असतात: टायरमध्ये जाड पट्टी, ट्यूबमध्ये चिकट द्रव. तिकडे काटे फारसे नाहीत, काच असते. पट्टी काढून टाका, तेवढंच वजन वाचतं.

खोकं सायकलच्या दुकानातून आधीच सांगून ठेवायचं, नव्या सायकली ज्यात येतात तेच. बांधण्याचा क्रम असा. साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीवर आणा, मग पेडल काढा. डावं पेडल उलट आट्याचं असतं. दोन्ही पेडलं सायकलच्या मागच्या बाजूला फिरवली की सुटतात, हे लक्षात ठेवलं की आटे खराब होत नाहीत. सीटच्या दांड्यावर आणि हँडलवर चिकटपट्टी लावून जुन्या मापाची खूण करा. पुढचं चाक काढून फोर्कच्या, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा अडसर बसवा, नाहीतर खोकं आपटलं की फोर्क आवळला जातो. डिस्कब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. मागचा डिरेलर, म्हणजे गियर बदलणारी यंत्रणा, ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलनने सोडवून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. विमानात सर्वांत जास्त वाकतो तो याचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरणारी लहान पट्टी. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा, त्यामुळे गटात एक जादा ठेवून भागत नाही. ज्याचा त्याने आणायचा.

वजनाची मर्यादा बहुधा २३ किलो. सायकल तेरा, खोकं तीन-साडेतीन, उरलेल्यात हत्यारं, हेल्मेट, मागच्या पिशव्या. पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर मोजून घ्या, बाथरूमच्या काट्यावर खोकं तोललं जात नाही. पॉवरबँक हातातल्या सामानात, गॅसची हवाभरणी नळकांडी घरी. मुंबईपर्यंत चारशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि प्रवासी डब्यात एवढी खोकी घेऊन चढणं म्हणजे सगळ्या डब्याशी भांडण. पिकअप करून आग्रा रोडने गेलेलं बरं.

खाण्याचं आधी ठरवा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, तुपातली बट्टीही नाही. ताज्या फळभाज्यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हिरव्या मिरच्या आणि लिंबंही बाद. या नियमातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. रावेर-यावलवाल्यांनी याचा हवा तेवढा अभिमान बाळगावा, पण विमानातून ओली केळी नेऊ नयेत, काळी पडतात. तेलातले वेफर्स न्यावेत. शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसणाची चटणी, भाजणी, काळा मसाला बिनधास्त. मसाल्याची पुडी तेवढी दुहेरी बांधा, खोक्यात फुटली तर ब्रेकपॅडवर बसते.

तयारीला एकाच दिवसाची शंभरी उपयोगाची नाही. लागोपाठ तीन दिवस पन्नास-साठ किलोमीटर, मागे सामान बांधून. सीटचा त्रास तिसऱ्या दिवशी कळतो, पहिल्या नाही.

दिवस पहिला : पासाऊ

म्युनिक विमानतळ ते पासाऊ सुमारे दीडशे किलोमीटर. फ्रायझिंगला जाऊन प्रादेशिक गाडीने लांड्सहूट, प्लाटलिंगमार्गे पोचता येतं, आणि पाच जणांपर्यंत चालणारं बायर्न (बव्हेरिया राज्याचं) तिकीट स्वस्तही पडतं. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होतं आणि फक्त प्रादेशिक गाड्यांना. पण बंद खोकी हातात असताना गाड्या बदलणं जिकिरीचं. आधी ठरवलेली व्हॅन महाग वाटली तरी पाच-सहा जणांत वाटून घेतली की परवडते.

दुपार जोडणीत जाते. क्रम उलटा, पण घाई करू नका. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, नेमका आकडा त्यावर कोरलेला असतो. ते आडवे-तिडवे थोडेथोडे आवळायचे. मग डिरेलर मागून बघा. साखळीच्या चक्रीशी तो सरळ रेषेत नसेल तर हँगर वाकला आहे. तसाच चालवून लहान चक्रीला टाकला तर चालतो, मोठ्या चक्रीला नेला की आऱ्यांत जातो आणि तिथेच सहल संपते. दहा किलोमीटर फिरवून आणल्याशिवाय खोकी फेकू नका.

जे सायकल भाड्याने घेणार, त्यांनी ब्रेक तपासावेत. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिकडे डाव्या. काही भाड्याच्या सायकलींना पेडल मागे फिरवलं की लागणारा ब्रेकही असतो. सवयीने पेडल मागे घेऊन पाय जुळवायला गेलात तर सायकल जागीच थांबते आणि मागचा तुमच्यावर येतो.

उरलेल्या वेळात तीन नद्यांचा संगम बघा. इन हिरवट, डॅन्यूब मळकट निळी, इल्झ काळसर, आणि काही अंतर रंग वेगळे दिसतात. नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या रेषा आहेत. ३ जून २०१३ ची १२.८९ मीटरची रेषा १५०१ नंतरची सर्वांत वरची.

दिवस दुसरा : पासाऊ ते श्लोगेन, ४२ किलोमीटर

अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे. उजव्या बाजूने चालायची सवय लागायला एक दिवस जातो. सरळ रस्त्यावर चूक होत नाही. ती होते डावीकडे वळल्यावर आणि थांबून पुन्हा निघताना. आरसा डाव्या हाताला बसवा. ऑस्ट्रियात घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, परावर्तक हे सगळं लागतं.

डाव्या काठाने ओबर्नत्सेलपर्यंत मोटारींचा रस्ता सोबत असतो, म्हणून सुरुवात उजव्या काठाने. योखेनश्टाइनच्या वीजकेंद्रापाशी डावीकडे जायचं. पुढे नीडररानापर्यंत वाहनं नसलेला रस्ता आहे, या दिवसाचा सर्वांत सुंदर तुकडा. केंद्रावरून ओलांडणं दुरुस्तीत बंद असू शकतं, म्हणून पासाऊलाच चौकशी करावी. बंद असेल तर एंगेलहार्ट्सत्सेलची छोटी तर आहे. नीडररानाच्या पुलावरून परत उजव्या काठाला आणि श्लोगेन.

इथे नदी ग्रॅनाइटच्या डोंगराला आपटून जवळजवळ उलट फिरते. ते वळण खालून कळत नाही. सायकल खाली ठेवून अर्धा-पाऊण तास पायवाट चढावी लागते. सायकलचे क्लिटवाले (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून चढू नका, मुळं आणि ओले दगड आहेत.

दिवस तिसरा : श्लोगेन ते लिंत्स, ५० किलोमीटर

इथे डावा काठ धरायचाच नाही असं नाही, पण वळणाच्या पोटात त्या बाजूला वाट तुटते आणि प्रवाहाच्या दिशेने जाणारी तर पकडावी लागते. उजवा काठ इन्त्सेलवरून आशाखपर्यंत अखंड आहे. आशाखनंतर दरी उघडते आणि एफर्डिंगच्या सपाटीतली भाजीची शेतं लागतात. आपल्या माणसांचा वेग इथे हमखास पडतो. कारण वारा नव्हे, प्रत्येक जण पिकं बघत थांबतो.

विल्हेरिंगच्या मठापाशी तर घेऊन पलीकडे ओटेन्सहाइमला जायचं. विल्हेरिंगपासून लिंत्सपर्यंत उजव्या काठाला मोटारींचा मोठा रस्ता आहे, तो टाळायचा. ही तर इंजिनाविना चालते. वर ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते. नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी करतो आणि पाण्याचा रेटाच तिला पलीकडे नेतो. पैसे सुट्टे, रोख ठेवा. अशा होड्या संध्याकाळी लवकर बंद होतात, आणि नदीला पूर असेल तर चालत नाहीत.

लिंत्स पोलादाचं गाव. खगोलशास्त्रज्ञ केप्लर १६१२ ते १६२६ इथे होता. ग्रहांच्या गतीचा तिसरा नियम ज्यात आहे तो ग्रंथ १६१९ मध्ये इथूनच निघाला. उद्या रविवार असेल तर शनिवारी संध्याकाळीच दुकान गाठा. ऑस्ट्रियात रविवारी किराणा बंद असतो, मोठ्या स्टेशनांतली दुकानं सोडून. सगळ्या गटाला उपाशी ठेवणारी ही एकमेव गोष्ट आहे.

शाकाहाराबद्दल एवढं: मांस नको म्हटलं तरी सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं, पातळ धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूपसुद्धा. पावाबरोबर येणारं पांढरं लोणी कधीकधी डुकराची चरबी असते. केझश्पेत्सले हा चीजचा प्रकार चालतो, पण त्यात आणि गोड काइझरश्मार्नमध्ये अंडं असतंच. अंडंही न खाणाऱ्याने बेकरीतला साधा पाव, दही, फळं आणि आपली चटणी यांवर दिवस काढावा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

दिवस चौथा : लिंत्स ते ग्राइन, ६२ किलोमीटर

दिवसभर डावा काठ. पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास माउटहाउझेन. नाझींच्या छळछावणीचं स्मारक नदीपासून वर टेकडीवर आहे आणि या प्रवासातला खरा चढ तोच. इथे आणि इथल्या उपछावण्यांत सुमारे १,९०,००० माणसं कोंडली गेली, त्यांतली किमान ९०,००० मेली. खालच्या ग्रॅनाइटच्या खाणीतून दगड पाठीवर घेऊन १८६ पायऱ्या चढायला लावत. अडीच तास हातात ठेवा, सामान खाली गावात सोडा, आणि सायकलचे भडक कपडे झाकायला एखादा साधा शर्ट जवळ असू द्या.

पुढे माखलांडची मोकळी सपाटी. वारा पूर्वेचा निघाला तर इथे झोडपतो. एकामागे एक, पुढच्याची पाळी पाच-पाच मिनिटांनी बदलत जा, पण सामान बांधलेल्या सायकलींत दोन मीटरचं अंतर सोडा. पिशव्यांमुळे पुढचा रस्ता दिसत नाही. उजवीकडे लांबच लांब दिसतो तो पूररोधक बांध २०१२ मध्ये पुरा झाला आणि २०१३ च्या पुरात त्याने गावं वाचवली.

दिवस पाचवा : ग्राइन ते मेल्क, ५० किलोमीटर

ग्राइनला नदी ओलांडून उजवा काठ, कारण डाव्याला हमरस्ता चिकटला आहे. इथले भोवरे नावाड्यांचे कर्दनकाळ होते. काही खडक सुरुंगांनी उडवले आणि १९५९ च्या इब्स-पेर्झेनबॉइग धरणाने उरलेलं पाण्याखाली गेलं. आता तिथे तळ्यासारखं संथ पाणी आहे.

सामानाच्या ओझ्याने मागच्या चाकाचा आरा तुटायचा तो साधारण या टप्प्यावर, आणि चक्रीच्या बाजूचाच. चक्री उतरवायचं हत्यार नसेल तर जादा आरा असून उपयोग नाही. तात्पुरता उपाय असा: तुटलेला आरा शेजारच्याला गुंडाळा, त्याच्या दोन्ही बाजूंचे, चाकाच्या मधल्या हबच्या दुसऱ्या कडेला जाणारे आरे, अर्धा-अर्धा फेरा सैल करा, चाक ब्रेकला घासेनासं झालं की पुरे. पाठीमागचं ओझं दहा किलोच्या आत ठेवलं आणि कॅरिअरचे ५ मिलिमीटरचे बोल्ट रोज सकाळी हाताने तपासले तर ही वेळ येत नाही.

मेल्कचा बेनेडिक्टीन मठ १०८९ चा, आजची पिवळी इमारत १७०२ ते १७३६ मधली. चारच्या आत पोचा.

दिवस सहावा : मेल्क ते क्रेम्स, ३६ किलोमीटर

वाखाऊ दरी. अंतर कमी, वेळ पूर्ण दिवस. डाव्या काठाला गावं आणि द्राक्षं, उजव्याला शांतता. पहिल्यांदा जाणाऱ्याने डावा घ्यावा. विलेनडॉर्फला १९०८ मध्ये रेल्वेच्या कामात अकरा सेंटिमीटरची दगडी स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, इथे फक्त जागा. पुढे स्पिट्स, वाइसनकिर्खेन, ड्युर्नश्टाइन. ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या शेवटी कैदेत होता. गल्ली गोट्यांची आणि माणसांनी भरलेली, उतरून चाला.

मळे दगडी पायऱ्यांवर आहेत, बांध चुन्या-सिमेंटशिवाय रचलेले. सप्टेंबरात ट्रॅक्टर अरुंद वाटेवर येतात. थांबून वाट द्या, त्यांची काढणी सुरू असते. जर्दाळू जुलैत संपतो. झाड लवकर फुलतं आणि वसंतातली एक थंडीची रात्र अख्खा हंगाम नेते. केळीवर मार्चमधल्या वादळाचं काय करायचं हे ज्यांना माहीत आहे, त्यांचं इथल्या बागायतदाराशी भाषेवाचूनही जमतं. जॅम घ्यायचाच तर लहान बाटली, वजन पुढचे ऐंशी किलोमीटर तुम्हीच वाहणार आहात.

दिवस सातवा : क्रेम्स ते व्हिएन्ना, ८३ किलोमीटर

सात वाजता निघा. डाव्या काठाच्या बांधावरून आल्टनवोर्थच्या वीजकेंद्रापर्यंत सरळसोट रस्ता, सावली नाही. तिथे उजवीकडे. ओलांडता आलं नाही तर टुल्नच्या पुलापर्यंत डावा काठच धरावा लागतो आणि त्स्वेंटेनडॉर्फचं अणुवीजकेंद्र फक्त लांबून दिसतं. ते चुकवू नये. केंद्र पूर्ण बांधून तयार होतं. ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के लोकांनी नको म्हटलं आणि ते कधीच सुरू झालं नाही. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांखाली वाढलेली मंडळी इथे बराच वेळ कुंपणाशी उभी राहतात.

टुल्नला जेवण, मग उजव्या काठाने क्लोस्टरनॉयबुर्ग. काठावरच्या पाट्यांवरचे आकडे नदीच्या मुखापासूनचे किलोमीटर असतात, म्हणून ते घटत जातात. क्रेम्सला २००२, व्हिएन्नाच्या राइक्सब्र्युके पुलाला १९२९. शहरात शिरताना कालव्याकाठची वाट मध्यात नेते. वेळ असेल तर आधी डोनाउइन्सेलवर वळा. १९७२ ते १९८८ मध्ये पुरासाठी जादा पात्र खणलं, त्या मातीचं हे २१ किलोमीटर लांब बेट. ट्रामचे रूळ काटकोनाच्या जवळपास ओलांडायचे, तिरकं गेलं की ३५ चा टायर खाचेत बसतो.

परतीचा दिवस

खोकं लिंत्सहूनच व्हिएन्नातल्या सायकल दुकानाला कळवून ठेवायचं. नुसतं जाऊन मागितलं तर मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर लहान मुलांच्या सायकलचं. चिकटपट्टी मोठी घ्या. विमानतळावर एस-७ लोकल जाते, खोक्यासाठी गर्दीची वेळ टाळायची. टायरची खडी-माती धुऊन काढा. काउंटरवर वजन अर्धा किलो जास्त निघालं तर हत्यारांची पिशवी नाही, कपडे हातात घ्यायचे, कारण पाना-पकड सुरक्षा तपासणीत अडवतात. मुंबईला उतरल्यावर पाऊस असतोच. पिकअपवाल्याला ताडपत्री आणायला आधीच सांगून ठेवा. पुठ्ठा भिजला की कसारा घाटाच्या आतच खोक्याचा तळ सुटतो.